गॅस स्वस्त होणार आहे म्हणे!

मंडळी, गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमधे एक वाद झाला आणि तो अजून डोक्यातून गेलेला नाही. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघून घरी, म्हणजे कोयनानगरला आलो, तर तोही बरोबर आला. म्हणून आज सकाळी चहाचा कप घेऊन बसलोय आणि एकदाचं लिहून टाकतोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

वाद असा. आमच्या टीममधला एक हुशार मुलगा (खरंच हुशार आहे, उपरोधानं म्हणत नाहीये) म्हणाला, "तू उगाच सोलर-सोलर करतोस. कतार आणि अमेरिका एवढे एलएनजीचे प्रकल्प आणताहेत की दोन-चार वर्षांत गॅसचा महापूर येणार. भाव कोसळणार. देशात गॅसची केंद्रं बंद पडलीयेत, ती त्या भावात धडाक्यानं चालवता येतील. शिवाय कोळशापेक्षा स्वच्छ." त्याच्याकडे मोबाईलवर आलेख होते. छान रंगीत.

मी म्हणालो, "हे मी आयुष्यात चौथ्यांदा ऐकतोय." त्याला वाटलं मी गंमत करतोय.

गंमत नव्हती. पण कॅन्टीनमधे चौथ्यांदा म्हणजे काय हे सांगायला वेळ नव्हता, दोन वाजता स्टेटस कॉल होता. तर ते आता सांगतो. त्यासाठी आधी थोडा भूगोल.

माझं बालपण कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत गेलं. अण्णा (माझे वडील) पोफळीच्या वीजगृहात ऑपरेटर होते. कोयनेचं पाणी खरं म्हणजे पूर्वेला वाहतं, कराडला कृष्णेला मिळतं, पुढं सांगलीला जातं. पण शिवसागर जलाशयातून ते बोगद्यानं पश्चिमेला वळवलंय. सह्याद्रीच्या कड्यावरून पोटातल्या पोटात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडतं, पोफळीला जमिनीखालच्या वीजगृहात जनित्रं फिरवतं, कोळकेवाडीच्या धरणात जमा होतं, अलोऱ्याला आणखी एकदा वीज देतं आणि मग वाशिष्ठीत जातं. वाशिष्ठी चिपळूणवरून पुढं जाऊन दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते.

आता गंमत बघा. त्याच खाडीच्या तोंडाशी, दक्षिणेच्या काठावर, अंजनवेलला महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा गॅसवरचा वीजप्रकल्प उभा आहे. नाव दाभोळचं, पण दाभोळ गाव पलीकडच्या काठावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प गुहागर तालुक्यात. वयाची पन्नाशी जवळ आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला त्याचं जुनं नाव पाठ आहे. एन्रॉन.

म्हणजे एकाच नदीच्या एका टोकाला पाण्यावरची वीज आणि दुसऱ्या टोकाला गॅसवरची. गॅस की आणखी काही, असा वाद घालायला याच्यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठं मिळणार?

आणि तारखासुद्धा बघा. १३ मार्च १९९९ ला कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागराच्या तळाचा शेवटचा खडक पाण्याखालूनच सुरुंगानं उडवला. लेक टॅपिंग म्हणतात त्याला. भारतात ते पहिल्यांदाच झालं. मी कॉलेजात होतो, आमच्या वसाहतीत त्या दिवशी दिवाळीसारखं वातावरण होतं. या टप्प्यानं १००० मेगावॅटची भर टाकली. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे १९९९ मधे, खाली दाभोळचा पहिला ७४० मेगावॅटचा टप्पा सुरू झाला. एकाच नदीवर, एकाच उन्हाळ्याच्या आगेमागे. वरचा टप्पा आजही संध्याकाळी मागणी वाढली की काही मिनिटांत अंगावर भार घेतो. खालच्याचं काय झालं, ते आता क्रमानं.

पहिल्यांदा: "डॉलर देऊ, वीज मिळेल"

१९९२ मधे एन्रॉनचे लोक आले. डिसेंबर १९९३ मधे राज्य वीज मंडळाशी खरेदी करार झाला. त्याच वर्षी जागतिक बँकेनं या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. आयात केलेल्या एलएनजीवरची एवढी महाग वीज आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही असं तिचं मत होतं. पुण्याच्या 'प्रयास' गटानं आकडेमोड करून हेच सांगितलं. गुहागरच्या लोकांनी रस्त्यावर येऊन सांगितलं आणि लाठ्या खाल्ल्या. ऑगस्ट १९९५ मधे युती सरकारनं करार रद्द केला. त्याआधी प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झालीच होती. नोव्हेंबरात एन्रॉनच्या रिबेका मार्क मातोश्रीवर जाऊन आल्या आणि १९९६ मधे तोच प्रकल्प, आकारानं आणखी मोठा होऊन, परत आला. मे १९९६ मधे वाजपेयींच्या १३ दिवसांच्या सरकारनं जाता जाता केंद्राच्या हमीवर शिक्कामोर्तब केलं. कुठल्या एका पक्षाला धुवायला मी बसलेलो नाही. या हमामात सगळेच होते.

आता करारात काय होतं ते महत्त्वाचं. वीज घ्या किंवा घेऊ नका, प्रकल्प तयार असल्याचे पैसे द्यायचे. इंधनाचा भाव वाढला तर तो ग्राहकाच्या माथी. डॉलर वाढला तर तोही ग्राहकाच्या माथी. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मधे ४७ च्या घरात गेला. एलएनजी तर यायचाच होता, ओमान आणि अबू धाबीहून, दुसऱ्या टप्प्यासाठी. तोवर पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालत होता. कच्चं तेल भडकलं तसा नाफ्था भडकला आणि २००० साली काही महिन्यांत दाभोळची वीज युनिटला ७ रुपयांच्या वर गेली. मे २००१ मधे मंडळानं वीज घेणं थांबवलं. त्याच एप्रिलमधे माधव गोडबोले समितीनं करारावर कडक ताशेरे ओढले होते. डिसेंबरात खुद्द एन्रॉननंच दिवाळं काढलं.

लोकांना वाटतं एन्रॉन म्हणजे लाचलुचपत आणि अमेरिकेतला हिशेबाचा घोटाळा. तो झालाच. पण समजा एन्रॉन धुतल्या तांदळासारखी कंपनी असती, तरी करार तसाच बुडला असता. कारण खोट नियतीत नव्हती (म्हणजे तिथंही होती, असो), खोट रचनेत होती. २० वर्षांच्या विजेचा भाव अशा दोन गोष्टींना बांधला होता ज्यांच्यावर ना मंडळाचा ताबा होता ना महाराष्ट्राचा: कच्चं तेल आणि डॉलर.

दुसऱ्यांदा: "आता आपलाच गॅस"

२००५ मधे एनटीपीसी आणि गेल यांना पुढं करून 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही कंपनी काढली आणि दाभोळ तिच्या ताब्यात दिलं. ते दिवस आठवतात ना? भारनियमन! खेड्यांत बारा-बारा तास वीज नाही. आमच्या पाटण तालुक्यातसुद्धा, धरण डोळ्यांसमोर आणि घरात कंदील. त्यामुळं दाभोळ सुरू व्हावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, मलाही.

तेवढ्यात कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसचा गाजावाजा सुरू झाला. आंध्रच्या किनाऱ्यापलीकडं खोल समुद्रात रिलायन्सला २००२ साली मोठा साठा सापडला होता. एप्रिल २००९ मधे केजी-डी६ मधून गॅस यायला लागला. सरकारनं भाव ठरवला ४.२० डॉलर. दिवसाला ८ कोटी घनमीटर निघणार असं गणित होतं. दाभोळला पूर्ण चालायला साधारण ८५ लाख घनमीटर लागतो, आणि त्यातला मोठा भाग केजीतून मिळेल असं ठरलं. देशभर लोकांनी गॅसची केंद्रं बांधायला काढली, बँकांनी कर्जं दिली.

२०१० साली उत्पादन ६ कोटींच्या आसपास पोहोचलं आणि तिथून घसरायला लागलं. २०१३ पर्यंत दीड कोटीच्याही खाली. कुणी म्हणालं भूगर्भाचा अंदाज चुकला, कुणी म्हणालं मुद्दाम कमी काढला. त्यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. ग्राहकाच्या दृष्टीनं दोन्हीचा अर्थ एकच: गॅस आला नाही. २०१३ संपता संपता दाभोळची चाकं थांबली. आणि हे एकट्या दाभोळचं नाही. देशात गॅसवर चालणारी सुमारे २५ हजार मेगावॅटची केंद्रं उभी राहिली, त्यातली १४ हजार मेगावॅटहून जास्त गॅसअभावी अडचणीत आल्याची नोंद पुढं संसदेच्या समितीनं केली. आपल्या उरणच्या केंद्राचं बघा. ६७२ मेगावॅटचं, मुंबई हायचा गॅस हाताशी म्हणून १९८० च्या दशकात बांधलेलं. तेही वर्षानुवर्षं अर्धपोटी चालत आलंय, कारण मुंबई हायच्या गॅसला खतापासून रिक्षापर्यंत सगळेच गिऱ्हाईक.

आता या गोष्टीचा शेवट ऐका. केजीचा गॅस आटल्यावर कंपनीनं सांगितलं की आयात एलएनजीवर आम्ही वीज देऊ शकतो. महावितरणनं सांगितलं, एवढी महाग वीज नको. कंपनी म्हणाली, ठीक आहे, वीज घेऊ नका, पण स्थिर आकार द्या, आमची तयारी होती. हा वाद दहा वर्षं चालला आणि नोव्हेंबर २०२३ मधे सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: स्थिर आकार द्यावा लागेल. न्यायालयाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. करारात तेच लिहिलं होतं, २००७ च्या करारात! एन्रॉनचं सगळं महाभारत झाल्यावर केलेल्या करारात!! न काढलेल्या विजेचे पैसे देण्याची पाळी आपण दुसऱ्यांदा ओढवून घेतली. त्याच जागी. प्रोग्रॅमरनं एकच बग दोनदा टाकला तर त्याला आम्ही घरी पाठवतो. :-)

तिसऱ्यांदा: "गॅसचा सुवर्णकाळ"

२०१४-१५ नंतर तेल पडलं. पेट्रोनेटचा कतारशी १९९९ मधे झालेला मोठा करार होता, २००४ मधे त्याचा गॅस दहेजला यायला लागला तेव्हा भाव होता २.५३ डॉलर. तो तेलाला बांधलेला असल्यामुळं चढत चढत १२-१३ डॉलरवर गेला होता. डिसेंबर २०१५ मधे घासाघीस करून तो जवळजवळ निम्म्यावर आणला. शाब्बास! खरंच कौतुकाची गोष्ट. दाभोळची काही यंत्रं रेल्वेला वीज द्यायला पुन्हा फिरायला लागली. देशाच्या ऊर्जेत गॅसचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्के करायचं सरकारनं जाहीर केलं (तो आज इतकी वर्षं ६-७ टक्क्यांभोवतीच घुटमळतोय). २०२० च्या उन्हाळ्यात, कोविडमधे, आशियाच्या खुल्या बाजारात एलएनजी २ डॉलरच्याही खाली गेला. तेव्हाही असेच रंगीत आलेख फिरत होते.

दोन वर्षांत, २०२२ मधे, तोच गॅस त्याच बाजारात ७० डॉलरच्या वर गेला. रशियानं युक्रेनवर हल्ला केला, युरोपला रशियाचा गॅस मिळेना, आणि युरोपनं पैशाच्या थैल्या मोकळ्या सोडून जगभरची जहाजं आपल्याकडं ओढली. पाकिस्ताननं निविदा काढल्या तर कुणी बोलीच लावेना, कराची-लाहोर अंधारात. बांगलादेशनं खुल्या बाजारातली खरेदीच थांबवली. आपल्या गेलचा गाझप्रॉमशी २० वर्षांचा करार होता, पण तो ज्या कंपनीमार्फत होता ती जर्मनीनं ताब्यात घेतली आणि गॅस थांबला. इकडं गेलला गिऱ्हाइकांचा पुरवठा कापावा लागला. म्हणजे दीर्घ मुदतीचा करार केला की सुरक्षित, हाही समज गेला.

ज्यांना हे लांबचं वाटतं त्यांनी सीएनजीचा भाव आठवावा. १ एप्रिल २०२२ ला राज्यानं सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. मुंबईत भाव ६६ वरून ६० वर आला. रिक्षावाले खूश. ऑगस्टमधे तो ८६ झाला होता. राज्य सरकारनं सोडलेला कर लंडन-टोकियोच्या बाजारानं चार महिन्यांत व्याजासकट वसूल केला.

आता थोडं गणित

माझा कॅन्टीनमधला मित्र इंजिनियर आहे, त्यामुळं त्याच्यासाठी. गॅस विकतात तो दशलक्ष बीटीयूच्या मापानं. चांगल्या आधुनिक केंद्रात एवढ्या गॅसपासून साधारण १३० युनिट वीज निघते. डॉलर ८५ रुपयांचा धरा. म्हणजे गॅसचा भाव १ डॉलरनं हलला की युनिटमागं ६५ पैसे हलले. हे एवढं एकच लक्षात ठेवा, पाठच करा.

२ डॉलरचा गॅस: इंधनखर्च युनिटला १ रुपया ३० पैसे. वा!
१० डॉलरचा: साडेसहा रुपये.
७० डॉलरचा: ४५ रुपये.

यात जहाजाचं आणि पाइपलाइनचं भाडं, द्रवाचा पुन्हा वायू करण्याचा खर्च, कर आणि केंद्र बांधल्याचे पैसे धरलेले नाहीत. आणि हे तीनही भाव गेल्या काही वर्षांत खरोखर होऊन गेलेत.

आता याच नदीच्या वरच्या टोकाचं गणित. घनफूट, उंची आणि यंत्राची कार्यक्षमता यांचा गुणाकार केला तर पोफळी आणि अलोरे मिळून एका टीएमसी पाण्यातून साधारण ४ कोटी युनिट निघतात. १९६२ साली पहिलं जनित्र फिरलं तेव्हाही पाणी पडण्याची उंची तीच होती, आजही तीच आहे. सह्याद्रीची उंची डॉलरच्या भावानं बदलत नाही.

सूर्याचंही तसंच. सोलरच्या लिलावात युनिटला अडीच रुपयांच्या आसपास बोली लागते, बॅटरीची जोड दिलेल्या काही लिलावांत २०२४ पासून साडेतीनच्या आसपास. आणि ती बोली २५ वर्षांसाठी गोठवलेली असते. गॅसची जी बोली सांगतात ती फक्त आजची असते.

"पण या वेळी वेगळं आहे"

आता समोरच्या बाजूचं प्रामाणिकपणे मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहितो.

महापूर येणार हे खोटं नाही. कतारनं आपली क्षमता वर्षाला ७.७ कोटी टनांवरून १४.२ कोटी टनांवर न्यायचं जाहीर केलंय, अमेरिकेतही कामं चालू आहेत. भाव पडूही शकतात. माझं म्हणणं इतकंच की पडलेला भाव हीच जाहिरात असते. स्वस्त असताना गिऱ्हाईक वाढतं, केंद्रं बांधली जातात, उलट विकणाऱ्याची नवी गुंतवणूक आटते, आणि काही वर्षांनी एखादं युद्ध, एखादा कडक हिवाळा पुरतो. आणि कतारचं प्रत्येक जहाज होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतं. जून २०२५ मधे इस्राएल-इराण युद्ध पेटलं तेव्हा आपल्या तेल-गॅसवाल्यांची झोप कशानं उडाली होती? आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि त्यावर कुणी सिस्टीम उभी केली तर डिझाइन रिव्ह्यूमधेच मार बसतो.

दुसरा मुद्दा, गॅस कोळशापेक्षा स्वच्छ. मान्य. जाळताना कार्बन निम्म्याच्या आसपास, राख नाही. म्हणूनच तो जिथं दुसरा पर्याय सोपा नाही तिथं वापरा. थळचा खत कारखाना, काच आणि सिरॅमिकच्या भट्ट्या, शहरातली स्वयंपाकघरं, बस. तिथं गॅसला पैसे मोजणं समजू शकतो. विजेला मात्र आज दुसरे पर्याय आहेत, १९९३ साली नव्हते.

तिसरा मुद्दा, सूर्य मावळल्यावर काय? गॅसचं केंद्र लवकर चालू होतं म्हणतात. होतं. पण त्याहून लवकर काय चालू होतं ते आमच्या घराच्या गच्चीतून दिसणाऱ्या धरणाला विचारा. कोयनेची १९६० मेगावॅटची यंत्रणा नेमकी याच कामाची आहे. दुपारी सूर्याची वीज वापरा, पाणी धरून ठेवा, संध्याकाळी सोडा. खालचं पाणी स्वस्त विजेनं परत वर चढवायचे प्रकल्पही आहेत, घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचा चालू आहे. असं काम सह्याद्रीत आणखी होऊ शकतं.

आणि आमच्या पाण्याचंही खरं सांगतो

इथं काहीजण म्हणतील, कोयनेचा पोरगा कोयनेचं गाणं गाणारच. तर नाही. कोयनेची वीज फुकट नाही. शिवसागराखाली शंभरेक गावं गेली. तिथल्या माणसांना कुठं कुठं पाठवलं, सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे. त्यांच्यातल्या कित्येकांना तिसऱ्या पिढीतही जमिनीसाठी कोयनानगरात ठिय्या देऊन बसावं लागलं, भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अण्णांना अजून झोपेत आठवते, ते तेव्हा सतरा वर्षांचे होते. भूकंपानं पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आणि पाणीही अमर्याद नाही. कृष्णा लवादानं पश्चिमेकडं विजेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलीय. पाऊस कमी झाला की हेच पाणी टेंभू-ताकारी-म्हैसाळ योजनांसाठी पूर्वेला सांगलीकडं सोडा म्हणून मागणी होते, आणि ती रास्त असते.

पण या दोन किमतींत एक फरक आहे. कोयनेची किंमत दिसते. कुणी भरली, किती भरली, कुणाचं देणं अजून बाकी आहे, हे नावानिशी सांगता येतं आणि ते देणं फेडताही येतं, फेडलंच पाहिजे. गॅसची किंमत तशी दिसत नाही. ती तुमच्या वीजबिलात 'इंधन समायोजन आकार' नावाच्या एका ओळीत येते. आपण ती ओळ वाचत नाही, वाचली तर कळत नाही, आणि कळली तर महिना उलटून गेलेला असतो.

मग माझी मागणी काय? गॅसवर बंदी घाला असं नाही. मागणी करारातल्या एका कलमाची आहे. उद्या कुणी "गॅस स्वस्त होणार" म्हणत राज्याशी विजेचा करार करायला आला, तर त्याला म्हणावं, ठीक, तुझा एवढा विश्वास आहे ना? मग २५ वर्षांचा भाव रुपयात लिहून दे. इंधन चढलं तर तुझं, डॉलर चढला तर तुझा, गॅस आला नाही तर स्थिर आकार बंद. सोलरवाला हेच लिहून देतो. यावर गॅसवाला सही करत असेल तर मी स्वतः पेढे वाटीन. आणि करत नसेल, तर स्वस्ताईचं भाकीत त्याला स्वतःलाही पटलेलं नाही असं खुशाल समजा. भाकीत त्याचं आणि जोखीम आपली, हा सौदा महाराष्ट्रानं दोनदा केलाय. तिसऱ्यांदा नको.

मागच्या दिवाळीत अण्णांना घेऊन गुहागरला गेलो होतो. कुंभार्ली घाट उतरून, पोफळीवरून, चिपळूण करत. वाटेत अंजनवेलला गोपाळगडावर चढलो. तिथून खाडीचं तोंड दिसतं, पलीकडं दाभोळ, आणि अलीकडं त्या प्रकल्पाची धुराडी. एकातूनही धूर नव्हता. रेल्वेचा करार २०२२ मधे संपला, त्याआधीही निम्म्याहून जास्त यंत्रं उभीच असायची. जवळच एलएनजीचं टर्मिनल आहे. त्याचीही कथा अशीच. लाटा अडवणारा बांध पूर्ण नसल्यामुळं २०१३ मधे सुरू झाल्यापासून वर्षानुवर्षं ते पावसाळ्यात बंद ठेवावं लागलं. म्हणजे ज्या चार महिन्यांत आमचं धरण भरतं, नेमके तेच चार महिने.

अण्णा बराच वेळ खाडीच्या पाण्याकडं बघत होते. मला वाटलं धुराड्यांबद्दल काहीतरी बोलतील. चाळीस वर्षं वीज केलेला माणूस.

"ह्यात आपलं पानी किती असंल रं?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "बरंच असेल अण्णा. पोफळीहून आलेलं सगळं इथंच येतं."

"मंजी आपून काम करून सोडलेलं पानी ह्यांच्या दारावरनं जातंय, आन् ह्ये बसल्यात जहाजाची वाट बघत."

असो. चहा गार झाला. सोमवारी हाच लेख त्या मित्राला वाचायला देणार आहे, आलेखांसकट येऊ दे त्याला. कॅन्टीनचा वडापाव माझ्याकडून.